लाल कंधारीचं वजन, दात आणि रेशन: जर्नलमधले आकडे एकमेकांशी जुळेनात

चौथं_सत्र

पशुसंवर्धन पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी आमच्या गटाला कॉलेजच्या गोठ्यातली एक लाल कंधारी गाय नेमून दिली आहे. तिचं वजन, वय, टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) आणि एका दिवसाचं रेशन जर्नलमध्ये लिहायचं आणि मग एक्स्टर्नल सरांपुढं गायीजवळ उभं राहून सांगायचं. गाय दुभती आहे, दिवसाला ४ लिटर दूध. आमचं काहीच जुळू लागलं नाही.

वजन: लांबी ५० इंच, छातीचा घेर ६२ इंच. शेफरच्या सूत्रानं २९० किलो येतं, अगरवालच्या सूत्रानं ३४४. गटातल्या दुसऱ्यानं घेर ६५ इंच मोजला, त्याचं उत्तर तिसरंच. खरं कोणतं धरायचं?

वय: खालच्या जबड्यात चार मोठे दात दिसतात म्हणून ३ वर्षं लिहिलं. शिंगावर तीन वलयं आहेत, त्या हिशेबानं ५ वर्षं होतात.

टीपीआर: दुपारी २ वाजता घेतलं. तापमान १०२.६ फॅरनहाइट, नाडी ७२, श्वास ४८. श्वासाला सरांनी लाल गोल केला, कारण सांगितलं नाही.

रेशन: ८ किलो डीएम (शुष्क पदार्थ) पाहिजे असं आलं. ९ किलो हिरवा मका लिहिला तर तिथंच ८ किलो संपले. मग कडबा आणि खुराक कुठं बसवायचा?

जाणकारांनी सांगावं. परीक्षा तोंडावर आहे.

---

गव्हाण_परभणी

आधी वजन, कारण रेशन त्याच्यावर उभं आहे.

तुमचा ३४४ हा आकडा किलोचा नाही, शेरांचा आहे. अगरवालच्या सूत्रात लांबी गुणिले घेर, भागिले ठरावीक भाजक असं केलं की उत्तर शेरात येतं. त्याला ०.९३३ नं गुणलं की किलो. म्हणजे ५० × ६२ ÷ ९ = ३४४.४ शेर, आणि ३२१ किलो. दरवर्षी निम्मा वर्ग इथंच घसरतो, कारण वहीतून वही उतरवताना 'शेर' हा शब्द गळतो आणि आकडा तेवढा राहतो.

शेफरचं सूत्र: लांबी × घेर × घेर ÷ ३००, मापं इंचात, उत्तर पौंडात. ५० × ३८४४ ÷ ३०० = ६४०.७ पौंड, त्याला २.२ नं भागलं की २९१ किलो. सेंटीमीटरमध्ये मोजलं असेल तर ३०० च्या जागी १०८४० घ्या, उत्तर थेट किलोत मिळतं.

आता २९१ की ३२१? शेफरचं सूत्र विलायती जनावरांवरून आलेलं. अगरवालनं ते आपल्या वशिंडाच्या गायींसाठी बदलून घेतलं. लाल कंधारी किंवा देवणीला जर्नलमध्ये अगरवाल लिहा, पण सूत्राचं नाव आणि दोन्ही मापं शेजारी लिहाच. नुसतं '३२१ किलो' लिहिलं तर परीक्षकाला तपासायला काही उरत नाही.

अगरवालची एक खोड लक्षात ठेवा. घेर ६५ इंचाच्या आत असेल तर भाजक ९, ६५ ते ८० ला ८.५, ८० च्या वर ८. म्हणून ६५ च्या उंबरठ्यावर आकडा उडी मारतो. तुमच्या जोडीदाराचा ६५ इंच घेर घेतला तर ५० × ६५ ÷ ८.५ = ३८२ शेर, म्हणजे ३५७ किलो. टेपचा फरक तीनच इंच, पण वजनात ३६ किलो वाढले. त्यातले वीसेक किलो निव्वळ भाजक बदलल्याचे. घेर ६४ ते ६६ च्या दरम्यान आला की तीनदा मोजून सरासरी घ्या आणि शेफरशी ताडून बघा.

शेफरमध्ये उडी नाही, पण घेराचा वर्ग आहे. तिथं एक इंच चुकला की या गायीत ९ किलोंचा फरक पडतो. लांबीत एक इंच चुकला तर ६ किलोंचाच. म्हणून घेराला जास्त जपा.

टेप कुठं चुकतो ते सांगतो. गाय सपाट जमिनीवर, चारी पाय चौकोनात, मान पाठीच्या रेषेत. मान खाली घालून खात असली की खांदे पुढं सरकतात आणि घेर बदलतो. टेप कोपराच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागच्या बाजूनं न्यायचा. वशिंडावर चढला की दोन-तीन इंच फुकट वाढतात, तुमच्या जोडीदाराचे ६५ इंच बहुतेक असेच आले असावेत. टेप अंगाला टेकला पाहिजे पण कातडीत रुतता कामा नये, खालून एक बोट सरकलं की बास. वाचन श्वास सोडताना घ्या.

लांबी खांद्याच्या टोकापासून पिन बोनपर्यंत, म्हणजे शेपटीच्या दोन्ही अंगांना मागं जे हाड हाताला टोचतं तिथपर्यंत. काहीजण शेपटीच्या मुळापर्यंत मोजतात, काहीजण पुढच्या हुक बोनवरच, म्हणजे कमरेच्या हाडावरच थांबतात. हाड डोळ्यानं शोधू नका, तळहातानं चाचपा.

आणि वेळ. सकाळी चारा-पाण्याच्या आधी. उन्हाळ्यात गाय एका दमात २५-३० लिटर पाणी पिते, ते सगळं वजनात दिसतं. कॉलेजात जनावरांचा काटा असेल तर लागोपाठ दोन-तीन सकाळी एकाच वेळेला घेतलेलं सरासरी वजन टेपच्या शेजारी लिहा. फरक कितीही येवो, लपवू नका. टेपचा अंदाज काट्याच्या दहाएक टक्क्यांत आला तरी पुष्कळ.

---

जर्नल_तपासा

वयाचं नि टीपीआरचं मी सांगतो.

गाय दुभती आहे आणि वय ३ वर्षं लिहिलंय, इथंच परीक्षक थांबतो. गाभणकाळ नऊ महिन्यांच्या वर. म्हणजे ३ वर्षांची गाय आज दुधात असेल तर ती दोन-सव्वादोन वर्षांची असताना फळली पाहिजे. आपल्या गावरान जातींत पहिलं वेतच बहुधा साडेतीन-चार वर्षांनी येतं. तेव्हा दात पुन्हा बघा.

पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात, आठ. वर नुसती कडक गादी. दुधाचे दात बारीक, पांढरे, मुळाशी निमुळते, एकमेकांत फट असलेले. कायमचे रुंद, फावड्यासारखे, किंचित पिवळसर आणि उभ्या रेषा असलेले. कायमची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांनी, दुसरी तीनच्या आसपास, तिसरी साडेतीन ते चार, चौथी साडेचार ते पाच. बाजारातली भाषा यावरच: आदत म्हणजे एकही कायमचा दात नाही, मग दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेली. संकरित जनावरात दात थोडे लवकर येतात, गावरानात उशिरा.

तुमच्या गायीत मला शंका अशी आहे की तिसरी जोडी अर्धी वर आली आहे आणि हिरडीत झाकली गेल्यानं तुम्ही तिला दुधाचे दात समजलात. ओठ नुसता खाली ओढून हे दिसत नाही. एका हातानं नाकपुड्या धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नाहीत तिथून, आत घाला, जीभ बाजूला सारा आणि चौथ्या जोडीपर्यंत बोटानं मोजा. अर्धवट आलेल्या दाताची धार अखंड आणि तीक्ष्ण लागते, झिजलेल्या दुधाच्या दाताची बोथट. सहादाती निघाली तर 'अंदाजे ४ वर्षं, सहा दात, तिसरी जोडी पूर्ण वर आलेली नाही' असं लिहा.

शिंगाची वलयं अधिक दोन हे सूत्र पुस्तकात आहे, तुमचं ५ त्यातूनच आलं. ते दुय्यम पुरावा म्हणून लिहा. उपासमारीच्या सालात वलयं नीट उमटत नाहीत, आणि बाजारातून आलेल्या जनावराची शिंगं कानशीनं घासून तेल लावलेली असतात. दात आणि वलयं यांत वाद झाला तर दात खरे. पाच वर्षांनंतर मात्र दातांची नुसती झीज बघावी लागते, तिथं खात्रीनं बोलू नका, 'जुळलेली, पाचच्या पुढं' एवढं पुरे.

आता श्वास ४८. दोन कारणं असू शकतात. एक, मेच्या दुपारी २ वाजता मराठवाड्यातल्या पत्र्याखाली ते खरंही असेल. दुसरं आणि जास्त शक्यतेचं: तुम्ही कूस वर आली की एक आणि खाली गेली की दुसरा असे मोजलेत. आत-बाहेर मिळून एक श्वास. मग ते २४ होतात आणि अगदी ठीक बसतात. प्रौढ गायीचं सर्वसाधारण १५ ते ३०, नाडी ५० ते ८०, तापमान १०१.५ च्या आसपास, १०० ते १०२.८ पर्यंत चालतं. त्यामुळं तुमच्या १०२.६ ला हरकत नाही, पण शेजारी 'दुपार, हवेचं तापमान इतकं' असं लिहिलं नसेल तर परीक्षक विचारणारच.

क्रम महत्त्वाचा. नावात टी पहिला आहे म्हणून सगळे आधी थर्मामीटर घालतात. उलटं करा. आधी चार-पाच पावलं लांबून, गायीला हात न लावता, उजव्या कुशीकडं बघून पूर्ण मिनिट श्वास मोजा. मग शेपटी उचलून मुळापासून चार बोटं खाली, आतल्या बाजूनं मधल्या खोबणीत दोन बोटं ठेवून नाडी मोजा. अंगठा लावू नका, स्वतःचीच नाडी लागते. सगळ्यात शेवटी थर्मामीटर: पारा झटकून ९५ च्या खाली, टोकाला व्हॅसलीन, तिरकं धरून आतल्या भिंतीला टेकवा, दीड-दोन मिनिटं. शेणाच्या गोळ्यात घुसलं की एखादा अंश कमी दाखवतं. दोरी आणि चिमटा लावून शेपटीच्या केसाला अडकवा, आत ओढलं गेलेलं थर्मामीटर काढत बसण्यापेक्षा ते बरं.

जमलं तर रवंथाच्या पोटाची हालचालही लिहा. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून ठेवली की मिनिटाला एक-दोन लाटा येऊन मुठीला ढकलतात. हे कुणी लिहीत नाही आणि विचारलं की सगळे उजव्या बाजूला जातात.

---

कुट्टी_आणि_पेंड

रेशनची चूक एका ओळीची आहे: ८ किलो हा कोरडा हिशेब आणि ९ किलो मका हा ओला. हिरव्या मक्यात ७५ ते ८० टक्के पाणीच असतं. ९ किलो मक्यात डीएम, म्हणजे शुष्क पदार्थ, फक्त १.८ किलो. आधी सगळं डीएममध्ये वाटून घ्यायचं आणि अगदी शेवटी प्रत्येक चाऱ्याचं ओल्या वजनात रूपांतर करायचं. मध्येच रूपांतर केलं की गोंधळ होतो.

तुमच्या गायीचं पूर्ण गणित, वजन ३२० धरून:

वजनाच्या २.५ टक्के = ८ किलो डीएम.
त्यातला दोन तृतीयांश वैरण = ५.३३, एक तृतीयांश खुराक = २.६७.
वैरणीतला दोन तृतीयांश कोरडी = ३.५५, एक तृतीयांश हिरवी = १.७८.
कडब्यात डीएम ९० टक्के, म्हणून ३.५५ ÷ ०.९ = जवळपास ४ किलो कडबा.
हिरव्या मक्यात २० टक्के धरा, १.७८ ÷ ०.२ = ९ किलो मका.
खुराकात ९० टक्के, २.६७ ÷ ०.९ = ३ किलो.

म्हणजे तुमचा ९ किलो मका बरोबरच होता! त्याला डीएम समजलात, एवढंच.

आता पडताळा. ठोकताळ्यानं देशी गायीला अंगपोषणासाठी सव्वा किलो खुराक आणि दर अडीच लिटर दुधामागं एक किलो. ४ लिटरचे १.६, एकूण २.८५ किलो. वर ३ आला होता. दोन वाटांनी आलेला आकडा इतका जवळ बसला की परीक्षकापुढं निर्धास्त उभं राहा. म्हशीला हिशेब वेगळा: अंगपोषणाला दोन किलो आणि दूध फॅटचं असल्यानं दर दोन लिटरमागं एक किलो. संकरित गायीला आणि म्हशीला डीएमही वजनाच्या अडीच ते तीन टक्के.

हिरव्यात घास असेल, म्हणजे लसूणघास, तर वैरणीत तीन चतुर्थांश कोरडी आणि एक चतुर्थांश हिरवी असं करा. मग कडबा साडेचार आणि घास पावणेसात किलो येतो.

खुराक कशाचा ते लिहायला सांगतात. आपल्याकडं मिळणाऱ्या मालातून १०० किलोचा एक नमुना: मका भरड ३५, सरकी पेंड २२, सोयाबीन पेंड ८, गव्हाचा कोंडा १७, तूर किंवा हरभरा चुनी १५, क्षार मिश्रण २, मीठ १. प्रथिनं १६-१७ टक्क्यांच्या आसपास बसतात. सरकी पेंडीची ढेप फोडून वास घ्या. आत हिरवट-काळं दिसलं किंवा कुबट वास आला तर ती वापरू नका, बुरशीचं विष उकळूनही जात नाही.

---

नाकदोर

> वजनाच्या २.५ टक्के

लाल कंधारीला २.५ जास्त होतं. देशी जनावराला २ टक्केच शिकवतात.

---

कुट्टी_आणि_पेंड

२ ते २.५ शिकवतात. भाकड गायीला, कामावर नसलेल्या बैलाला २ धरा. दुधातली गाय २ वर ठेवली तर ६.४ किलो डीएम होतं, एक तृतीयांशानं खुराक २.४ किलोच निघतो आणि ठोकताळ्याचा २.८५ त्यात बसत नाही. आकडा पाठ करण्यापेक्षा गव्हाण बघा: सकाळी उरलेला चारा तोला. दिलेल्याच्या ५ ते १० टक्के उरला तर बरोबर. काहीच उरला नाही तर कमी पडतंय. उरलेल्यात नुसती जाड ताटं असतील तर कडबा कमी खाल्ला असं होत नाही, कुट्टी केली नाही असं होतं. इंचभर कुट्टी करा.

---

चौथं_सत्र

खूप आभार सर. आज पुन्हा मोजलं, टेप वशिंडावरच चढत होता. दातही सहा निघाले, तिसरी जोडी हिरडीतून अर्धी वर आलेली आहे. श्वासाचंही तेच, दोनदा मोजत होतो.

एक अजून. गोठ्यात सध्या कडबा नाही, सोयाबीनचं भुसकट देऊ लागलेत. सोयाबीन द्विदल आहे, म्हणून मी तीन चतुर्थांश-एक चतुर्थांशाचं गणित लावलं. बरोबर आहे का? आणि बाजूच्या गोठ्यात उसाचे वाढे देतात, ते हिरव्यात धरायचे का?

---

कुट्टी_आणि_पेंड

नाही. तो नियम हिरव्या द्विदल चाऱ्यासाठी आहे: घास, चवळी, बरसीम. सोयाबीन काढणीला येईपर्यंत पानं गळून जातात, प्रथिनं दाण्यात जातात, भुसकटात राहतं ते देठ आणि शेंगांची टरफलं. ते कडब्यासारखीच कोरडी वैरण धरा, आणि पचनाच्या बाबतीत कडब्यापेक्षा कमीच समजा. भुसकट मोठ्या प्रमाणात असेल तर खुराक थोडा वाढवावा लागतो. धुरळा फार असतो, पाणी शिंपडून ओलं करून द्या, नाहीतर गाय फुंकर मारून अर्धं गव्हाणीबाहेर घालवते. सांडलेली सोयाबीनं भुसकटात राहिली असतील आणि तुम्ही युरिया वापरत असाल तर सावध राहा. कच्च्या सोयाबीनमधलं विकर युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं, आणि जनावराला विषबाधा होते.

युरिया प्रक्रिया विचारली तर: १०० किलो कोरड्या वैरणीला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देऊन, दाबून, हवाबंद करून २१ दिवस. उघडल्यावर तासभर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही. पाणी कमी घेतलं की युरियाचे खडे तसेच राहतात, तिथंच अपघात होतो.

वाढे हिरव्यातच धरा, डीएम २५ ते ३० टक्के. पण त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. लातूर-धाराशिवकडं कारखाने चालू असताना महिनोन्महिने नुसते वाढेच घालतात, आणि मग व्यालेली गाय बसली की सलाईनची धावपळ. वाढे असतील तर क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅमच्या खाली नको, चुन्याची निवळी शिंपडतात तेही याच कारणासाठी. शिवाय नुसत्या वाढ्यांवर न ठेवता त्यात कडबा किंवा भुसकट मिसळा.

पाऊस ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र कितीही हिरवी दिसली तरी रेशनमध्ये धरायची नाही. सायनाईडचा धोका असतो. फुलोऱ्यानंतरची घ्या.

---

गव्हाण_परभणी

रेशन बदलताना एक विसरू नका: कडब्यावरून भुसकटावर एका दिवसात उडी नको. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, पोटातल्या जंतूंना तेवढा वेळ लागतो. खुराक एकदम वाढवला की आधी शेण पातळ होतं, मग रवंथ थांबतो. परीक्षेत 'रेशन बदलाल कसं?' हा प्रश्न हमखास असतो.

आणि जर्नलच्या पहिल्या ओळीत गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहा. बाकी सगळं बरोबर आणि गायच दुसरी, असंही घडतं. जातीची लक्षणंही दोन ओळींत: गडद लाल एकसारखा रंग, रुंद कपाळ, डोळ्याभोवती काळसर कडा. शेजारी देवणी बांधलेली असेल तर तिच्या तीन प्रकारांची नावं विचारतात: वानेरा, बालंक्या, शेवरा. वानेऱ्याचा चेहरा अंशतः काळा आणि बाकी अंग पांढरं, बालंक्याला खालच्या अंगावर काळे ठिपके, शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर सगळीकडं वेडेवाकडे काळे ठिपके.

---

पाथरीकडचा

थोडं विषय सोडून विचारतो. धाकट्या भावाचं बारावी सायन्स चालू आहे. पदविका चांगली का पदवी? पदविका केल्यावर स्वतःचा दवाखाना टाकता येतो का?

---

जर्नल_तपासा

दवाखाना नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ च्या कलम ३० नुसार पदविकाधारकाला प्रथमोपचार आणि ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. स्वतंत्र निदान-उपचार करायचा असेल तर पदवीच हवी. ती साडेपाच वर्षांची, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर, बारावीला जीवशास्त्र लागतंच. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, दोन्ही कॉलेजं नागपूरच्या माफसूकडं, म्हणजे पशुविज्ञान विद्यापीठाकडं.

गोठा, दूध संकलन, शेळीपालन, खाद्य कंपनी किंवा पशुधन पर्यवेक्षकाचं काम डोक्यात असेल तर पदविका पुरते. नुसतं 'डॉक्टर म्हणतील' म्हणून पदविका घेऊ नये. कामाचं नियमित स्वरूप बघायला त्याला एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळच्या ओपीडीला नेऊन उभं करा, त्यातच त्याचं त्याला कळेल.

---

चौथं_सत्र

शेवटचा प्रश्न. प्रात्यक्षिकात दोर टाकून गाय पाडून दाखवायला सांगतात का? आणि उस्मानाबादी शेळी आली तर सूत्रं हीच का?

---

नाकदोर

दुभत्या किंवा गाभण गायीवर कुणी पाडायला सांगणार नाही, सांगितलं तर नम्रपणे कारण सांगून नकार द्या, त्यालाच मार्क असतात. बहुधा गोऱ्हा देतात किंवा दोर कुठं येतो तेवढं विचारतात.

पाडायची रेफची पद्धत: १० ते १२ मीटर जाड मऊ दोर. एक टोक मानेभोवती, न सरकणारी गाठ घालून. सरकती गाठ घातली तर गळा आवळला जातो, ही सगळ्यात वाईट चूक. तिथून दोर पाठीवरून नेऊन पहिला वेढा कोपराच्या मागं छातीभोवती, दुसरा कासेच्या पुढं कुशीभोवती. दोन्ही वेढ्यांत दोर स्वतःच्या खालून काढून घ्यायचा. एकजण मोहरकी धरून डोकं बाजूला वळवतो, दोघे दोर सरळ मागं ओढतात. झटका नाही, सलग ताण. जनावर गुडघे मोडून बसतं. दुसरा वेढा कासेवर किंवा दुधाच्या शिरेवर, नराला शिश्नाच्या आवरणावर येता कामा नये. जमीन मऊ, खाली भुसकट किंवा वाळू. १२ तास चारा बंद. पडल्यावर डोकं खाली दाबून ठेवू नका, मान सरळ पण थूथन उतरतं ठेवा, म्हणजे लाळ आणि पोटातलं पाणी बाहेर येतं, श्वासनळीत जात नाही. काम संपलं की आधी छातीवर बसवा, लगेच उठवा. पडून राहिलं की पोट फुगतं.

---

कुट्टी_आणि_पेंड

शेळीला शेफरचंच सूत्र चालतं, अगरवाल लावू नका. लांबी २६ इंच, घेर २८ इंच: २६ × ७८४ ÷ ३०० = ६८ पौंड, ३१ किलो. उभी असताना, पाय चौकोनात, लोकर किंवा केस दाबून टेप. गाभण शेळीत पोटाचा फुगवटा वजनात मिसळतो, तसं लिहा. दात: दोन दात एक-दीड वर्ष, चार दोन, सहा तीन, आठ चारच्या आसपास. तापमान गायीपेक्षा जास्त, १०२ ते १०४, तेव्हा १०३ बघून ताप लिहू नका.

डीएम वजनाच्या साडेतीन टक्के धरा, म्हणजे ३१ किलोला १.१ किलो. त्यात झाडपाल्याचा वाटा मोठा ठेवा, शेळीला जमिनीपेक्षा वरचं ओरबाडायला आवडतं. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको, त्यातल्या मायमोसिननं केस गळतात. दावणीपासून हातभर उंच बांधलेल्या पाल्याच्या पेंढीत नासाडी सगळ्यात कमी होते. खुराक दिवसाला २०० ते २५० ग्रॅम. व्यायच्या आधीचा शेवटचा दीड महिना तो वाढवा, पण एकदम नाही, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी झालेली आहे का ते नोंदवहीत बघून घ्या.